एझ्राकाकांच्या पुतळ्यातला मी

१२ जून, गुरुवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठ्या गोष्टी घडायला लागल्या की माणसाने टिपून ठेवलेलं बरं.

चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग झाली आणि एझ्राकाकांचा पुतळा नक्की झाला. ब्राँझचा, पूर्ण उंचीचा. आजवर कॅलोवे स्प्रिंग्जमध्ये पुतळा म्हणाल तर हायवेवरचा सिमेंटचा शेंगदाणा. त्याच्याशी फोटो काढायला लोक गाड्या थांबवतात. आता काकांशी काढतील.

अटलांटाहून शिल्पकार बाई आल्या होत्या. मिस रोवेना शॉ. म्हणाल्या, चेहरा फोटोंवरून करता येईल, पण अंगासाठी समोर कुणीतरी उभं राहणारं हवं. कोट कसा पडतो, खांदा कसा चढतो, हे फोटोत कळत नाही. घरातलंच कुणी असेल तर उत्तम, हाडपेर सारखं असतं.

मी उठलो. ऑरिस पेटवे, सख्खा पुतण्या. शिवाय माझं नाक काकांचं आहे, हे अख्ख्या अलाबामात मी सांगत आलोय.

पहिल्या रांगेत ओपलकाकू होती. काकांची बायको, नव्वदीच्या पुढची, डोक्यावर जांभळी हॅट. तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात बराच वेळ गेला. मग म्हणाली, ऑरिस, तुझे काका तुरुंगातून सुटून आले ना, तेव्हा मी दार पूर्ण उघडलंसुद्धा नव्हतं. फटीतून आत आले ते.

लोक हसले. प्रेमाने हसले.

बाई म्हणाल्या, बघू या. म्हणजे झालंच.

संकल्प: उद्यापासून गोड बंद. पुतळा ऑक्टोबरात उभा राहणार. तोवर मी काका होईन.

१३ जून, शुक्रवार

गोड बंद. कॉफी कोरी, बिनसाखरेची. तोंड कडू, पण मन हलकं.

दुकानात (माझं गाद्यांचं दुकान आहे, पेटवे मॅट्रेस) एका गिऱ्हाइकाला गादी दाखवता दाखवता पुतळ्याचं सगळं सांगितलं. त्याने गादी घेतली नाही, पण भारावून गेला होता. लगेच निघाला.

लव्हर्नला सांगितलं तर म्हणाली, चर्चला एवढं ब्राँझ मिळणार कुठून? माझी बायको पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची तोंडं बघून तिची जीभ तशी झालीय. मी मनावर घेत नाही.

१५ जून, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चमध्ये जेवण. अर्लीनताईंनी पीचचा कॉबलर केला होता. खाली मऊ पीच, वर लोण्याचं खुसखुशीत कवच. अर्लीनताई पुतळा कमिटीच्या सेक्रेटरी आहेत, त्यांना नाही म्हणणं म्हणजे कमिटीत फूट पाडणं. आणि पीच हे फळ आहे. फळ चालतं.

दोनदा फळ घेतलं.

१९ जून, गुरुवार

गुलामगिरी सुटल्याचा सण. पार्कात सकाळपासून धूर, बरगड्या भाजताहेत, वर कुणाच्या तरी मावशीचा गुप्त मसाला. मी ठरवून आलो होतो की फक्त कोबीचं सॅलड. पण मग विचार केला, पूर्वजांनी जे उपास काढले ते मी आज या दिवशी उपाशी बसावं म्हणून काढले का. त्यांना ते अजिबात आवडलं नसतं.

पूर्वजांचा मान राखला.

संकल्प: सणवार सोडून डाएट.

२४ जून, मंगळवार

आज पहिल्यांदा उभा राहिलो. शेंगदाण्याच्या जुन्या गोदामात बाईंनी स्टुडिओ केलाय. पोझ सगळ्यांना पाठ असलेलीच, पेपरात आलेल्या त्या फोटोतली. कोर्टाच्या पायऱ्या. काकांचा एक पाय वरच्या पायरीवर, एका हातात हॅट, दुसरा हात समोरच्या दाराकडे रोखलेला. त्या दाराच्या आत मतदार नोंदणीचं ऑफिस होतं आणि आमच्या काळ्या माणसांना त्या दारातून आत घेत नसत.

काका न्हावी होते. दुकानात दाढी करता करता माणसांना घटना पाठ करायला लावायचे, कारण नोंदणीला गेलं की कारकून काहीही विचारायचा. साबणाला किती बुडबुडे येतात, इथपर्यंत. मग काका त्यांना रांगेने कोर्टावर घेऊन जायचे आणि पोलीस त्यांना रांगेने तुरुंगात घेऊन जायचे.

काकू आज स्टुडिओत आली होती. म्हणाली, त्या दिवशी शेरीफ म्हणाला, पुढे पाऊल टाकलंस तर आत टाकीन. एझ्रा पुढे गेले नाहीत. मागेही आले नाहीत. उन्हात तसेच हात रोखून दुपारभर उभे राहिले.

मी हात रोखला. बाई पेन्सिल शोधत होत्या, तेवढ्यात माझ्या खांद्यातून कळ आली. त्यांना म्हटलं, पेन्सिल आधी शोधून ठेवा.

काकूने काकांचा तो खरा कोट आणला होता. बाह्या कशाबशा चढल्या. पुढची बटणं आणि काजं यांची मात्र भेट होईना. बाईंनी विचारलं, पाठीमागची शिवण उसवली तर चालेल का. काकू म्हणाली, उसव बाई, मी त्यात त्यांना पुरलं नाही हेच बरं.

परत घातला तेव्हा आरशात पाहिलं. नाक तेच आहे.

८ जुलै, मंगळवार

पुतळा कुठे उभा करायचा यावर कौन्सिलमध्ये वादावादी. आमचं म्हणणं, कोर्टासमोरच्या हिरवळीवर, जिथे काका खरोखर उभे होते तिथे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वॉटर वर्क्सच्या प्लॉटवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे म्हणे पार्किंग आहे. मेयर हॉलिस बीमन म्हणाले, कोर्टासमोर ट्रॅफिक तुंबेल. आमच्या गावात एक सिग्नल आहे आणि त्याच्यापाशी थांबून लोक एकमेकांची चौकशी करतात, त्यालाच ते ट्रॅफिक म्हणतात.

बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. मग काकू काठी टेकत उठली. म्हणाली, भांडताय कशाला, गावाला विचारा. मतदान घ्या. एझ्रांना तेच आवडलं असतं.

ठरलं. १२ ऑगस्टला मतदान.

म्हाताऱ्या मतदारांना गाडीने ने-आण करायची जबाबदारी मी मागून घेतली. घराण्याचं रक्त आहे, शांत बसवत नाही.

२२ जुलै, मंगळवार

बाई म्हणाल्या, मि. पेटवे, कंबरेच्या वरचा भाग मी फोटोंवरूनच करेन म्हणते. तुमचे पाय मात्र उपयोगी आहेत.

पायांवरच सगळा पुतळा उभा असतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, तत्त्वतः.

लव्हर्नला वाटतंय मी नाराज असेन. अजिबात नाही. पाय हा पाया आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

उन्हाळ्याने पाय सुजले. पँट पायांना चिकटून बसते म्हणे. बाईंनी पायही फोटोवरून करायचं ठरवलंय. आता माझी फक्त पाठ. त्या म्हणाल्या, पाठीचा एकही फोटो कुणाकडे नाही, सगळ्यांनी समोरूनच काढलेत, त्यामुळे कोट मागून कसा पडायचा हे कुणालाच माहीत नाही.

म्हणजे चेहरा, छाती, हातपाय, कुणीही करू शकतं. पाठ फक्त मी.

पाठमोरं उभं राहण्यात आणखी एक सोय आहे. खिडकीच्या कट्ट्यावर चिप्सचं पाकीट ठेवता येतं.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मतदानावर प्रवचन दिलं. अर्लीनताईंनी मला विचारलं, तू शेवटचं मत कधी दिलंस रे? मी म्हटलं, ताई, ज्या घरातल्या एका माणसाने अख्ख्या काउन्टीला मत मिळवून दिलं, त्या घरातल्या माणसाला तुम्ही हे विचारता? त्या म्हणाल्या, हो, त्यालाच विचारतेय.

मधली काही वर्षं जमलं नाही हे खरं. कधी दुकानात सेल, कधी गुडघा. मत देणं ही सवय आहे, आणि सवय लागते ती ज्यांच्या रक्तात ते नसतं त्यांना. पण परवा जाणारच. शेवटी पाठ माझी आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळ

मतदान. गाडी धुतली. पहिली फेरी काकूची. पांढरे हातमोजे, जांभळी हॅट, पर्सला पॉलिश. कितीही निवडणुका येवोत, हातमोज्यांशिवाय ती मत देत नाही. बाहेर आली तेव्हा लग्नाहून आल्यासारखी दिसत होती.

दुपार

ने-आण जोरात. प्रत्येक घरी म्हातारी तयार होईपर्यंत मला बसवतात आणि समोर काहीतरी ठेवतात. एके ठिकाणी तळलेला मासा, एके ठिकाणी कॉर्नब्रेड, एके ठिकाणी रताळ्याचा गोड पाई. लोकशाहीसाठी खातोय.

शेवटच्या फेरीनंतर मतदान केंद्राबाहेर गाडी सावलीत लावली. सीट थोडी मागे घेतली. जेवण जिरलं की आत जातो.

संध्याकाळ

थोडी डुलकी लागली. केंद्र बंद व्हायच्या बेतात होतं. धावत आत गेलो. टेबलावर अर्लीनताई. यादीवर बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. म्हणाल्या, ऑरिस, तुझं नाव नाही. तू घर बदललंस ते कळवलं नाहीस आणि इतकी वर्षं फिरकला नाहीस, काढून टाकलंय. मी म्हटलं, ताई, मी एझ्रा पेटवेंचा पुतण्या आहे. त्या म्हणाल्या, एझ्रांचं नाव मी शोधत नाहीये.

तांत्रिक अडचण. सिस्टीम अशीच असते.

टेबलावर गोल स्टिकर्स होते, "मी मत दिलं" असे. एक घेऊन शर्टाला लावला. मनाने दिलंच आहे. आणि गाडीभर मतं मी आणलीत, त्या प्रत्येकात थोडा थोडा मी आहेच.

घरी जाताना काकूशेजारी थोडा बसलो. तिने स्टिकर पाहिला आणि माझा गाल कुरवाळला. सांगणार होतो. पण ती इतकी खूश होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

बरोबरी झाली.

अगदी समान मतं. कोर्टासमोर जेवढी, टाकीजवळ तेवढीच. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. अशा वेळी नियम असा आहे म्हणे की नाणं उडवायचं.

टाउन हॉलमध्ये सगळं गाव जमलं. मेयरनी नाणं उडवलं. ते त्यांच्या हातात न पडता जमिनीवर पडलं, घरंगळलं आणि कोल्ड्रिंकच्या मशीनखाली गेलं. मशीन हलेना. शेवटी मेयर टॉर्च घेऊन पालथे झोपले. अर्लीनताई म्हणाल्या, एकट्या तुमच्या डोळ्यांवर विश्वास कोण ठेवणार, आणि त्याही शेजारी पालथ्या झोपल्या. कॅलोवे स्प्रिंग्जच्या राजकारणात दोन्ही बाजू एका पातळीवर आल्याचं मी प्रथमच पाहिलं.

मशीनखालून आधी मेयरचा आवाज आला, वॉटर वर्क्स. मग बराच वेळाने अर्लीनताईंचा. हो, वॉटर वर्क्स.

काकू काठी टेकत उठली. मला म्हणाली, घरी सोड. गाडीत पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. दारात उतरताना म्हणाली, एक मत, ऑरिस. फक्त एक.

मी म्हटलं, हो ना.

आज जेवलो नाही. डाएट म्हणून नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये एकच विषय. आपल्यातला कोण गेला नाही मत द्यायला. सगळे एकमेकांकडे बघताहेत. वातावरण बिघडायला लागलं म्हणून मी उठून बोललो. म्हटलं, ही गोष्ट अशी सोडून चालणार नाही, चौकशी झाली पाहिजे. नि:पक्षपाती माणसाच्या अध्यक्षतेखाली. सगळ्यांना वाटलं मी माझंच नाव सुचवतोय, आणि मग तेच ठरलं.

चौकशी आपल्या हातात असली की ती आपण शांतपणे, कुणालाही न दुखवता, पुढे नेऊ शकतो. वर्षभर सहज.

अर्लीनताई कॉबलर वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि पुढे गेल्या. संपला असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

चौकशी समितीची पहिली सभा. हॉल भरलेला. काकू पहिल्या रांगेत.

मी ठरवलं होतं की थोडक्यात बोलायचं. पण समोर इतकी माणसं, मागे भिंतीवर काकांचा फोटो, आणि शब्द आपोआप यायला लागले. म्हटलं, ज्या मतासाठी माझ्या काकांनी मार खाल्ला, ते द्यायला ज्याला वेळ झाला नाही, तो आज आपल्यात बसलाय. त्याने आरशात स्वतःचं तोंड बघावं. आणि बोलता बोलता माझा हात आपोआप वर गेला, काकांसारखा, दाराकडे रोखलेला. आणि तो तसाच राहिला. कळ नाही, थरथर नाही. बाई तिथे असत्या तर अख्खा पुतळा एका बैठकीत झाला असता.

अर्लीनताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, ऑरिस, हात खाली घे. तूच आहेस तो.

आवाज चढवला नाही त्यांनी. मीठ द्या इकडे म्हणावं तसं म्हणाल्या. मग सांगितलं सगळं. यादी, डुलकी, स्टिकर. म्हणाल्या, मी थांबले होते की हा स्वतः सांगेल. आता हा समितीचा अध्यक्ष झाला, मग माझाही नाइलाज झाला.

हात खाली घेतला.

कुणीतरी मागे हसलं, पण कुणी साथ दिली नाही, त्यामुळे ते हसू तिथेच विझलं. काकूने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हातमोजे काढले, एकात एक घातले, पर्समध्ये ठेवले आणि लव्हर्नला म्हणाली, मला तू सोडशील का गं घरी?

समिती बरखास्त झाली असं मी जाहीर केलं. तोवर हॉल रिकामा होता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

लव्हर्नने शेवटी विषय काढला. आज म्हणाली, मत दिलं नाहीस ते मी समजू शकते, तू आळशी आहेस हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण तो स्टिकर लावून तू तिच्या शेजारी बसलास.

यावर मी उत्तर तयार करतोय.

३० ऑगस्ट, शनिवार

काकूच्या अंगणातलं गवत कापून आलो. न सांगता गेलो, न सांगता कापलं. ती पडद्याआड होती, पडदा हलत होता. काम झाल्यावर शेजारणीच्या हाती गार चहाचा ग्लास बाहेर पाठवला. बिनसाखरेचा. आमच्याकडे गार चहात साखर इतकी असते की चमचा उभा राहतो, बिनसाखरेचा कुणी शत्रूलाही देत नाही.

मी डाएटवर आहे हे तिच्या लक्षात होतं म्हणायचं.

उभ्याने सगळा प्यायलो.

६ सप्टेंबर, शनिवार

गवत कापलं. वाढलेलं नव्हतं. तरी कापलं. चहा तसाच.

९ सप्टेंबर, मंगळवार

स्टुडिओत शेवटची खेप. पाठ पूर्ण झाली. मी आज एकदाही हललो नाही, चिप्स नेले नव्हते. बाई म्हणाल्या, आज काय झालंय तुम्हाला, खांदे एकदम पडलेत. मग म्हणाल्या, तसेच राहा, असेच हवेत, दिवसभर उभं राहून थकलेल्या माणसाचे.

तोंड कुठे करायचं यावर पुन्हा चर्चा झाली. कमिटी म्हणाली, पुतळ्याने हायवेकडे बघावं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चेहरा दिसेल. काकूने निरोप पाठवला की नाही, तोंड कोर्टाकडेच पाहिजे. बाईंनी तिला समजावलं, मध्ये पाण्याची टाकी येते, समोर फक्त टाकीचं पोट दिसेल. काकू म्हणाली, एझ्रांच्या समोर कायम काही ना काही आडवं आलं. ते पलीकडे बघायचे.

तसंच ठरलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

अनावरण झालं. बँड होता, मेयर होते, टाकीवर नवा रंग होता. मला भाषण नव्हतं. खुर्च्या मांडायला सांगितलं होतं, त्या मांडल्या. सरळ रांगा आल्या.

चादर ओढली. काकाच होते. बारीक, ताठ, हात रोखलेला. चेहऱ्यावर तो भाव, दुकानात कुणी घटनेचं कलम चुकलं की यायचा तो. नाकाशी मी बराच वेळ थांबलो. खरं सांगायचं तर माझ्यासारखं नाही. काकांचं नाक सरळ आहे. माझं आईकडचं असावं.

मग मागे गेलो. आणि तिथे मी होतो.

कोट खांद्यावरून सैल उतरलेला, मधोमध उसवलेल्या शिवणीची बारीक रेघ, थकलेले खांदे. काका बारीक, पण कोट मागून माझ्यासारखा पडलाय. बाईंनी कसं जमवलं कुणास ठाऊक. आणि मग लक्षात आलं की तोंड टाकीकडे आहे, म्हणजे हायवेवरून जो जाईल त्याला फक्त पाठ दिसणार. काकांना बघायला पुतळ्याला वळसा घालून चिखलातून जावं लागेल. मी रस्त्यावरूनच दिसतो. मी तिथे उभा असतानाच एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

लव्हर्न शेजारी येऊन उभी राहिली. तिने पुतळ्याची पाठ पाहिली, माझी पाठ पाहिली. म्हणाली, हो, तूच आहेस. समोरून तो आणि मागून तू.

काकूला मेयरनी धरून पुढे नेलं. तिने पुतळ्याच्या रोखलेल्या हाताच्या खालून टाकीकडे पाहिलं. मग ब्राँझचा कोट थोडा झटकल्यासारखा केला, धूळ असावी तसा. म्हणाली, टाकीच्या पलीकडे आहे बरं का ते कोर्ट. तसंच आहे अजून.

बँडवाल्यांना वाजवावं की नाही कळेना.

मग तिने वळून मला शोधलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून बोलली. म्हणाली, ऑरिस, मंगळवारी मला कोर्टात घेऊन चल. सोमवारी सुट्टी असते.

मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, तुझ्यासाठी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काकूला घेऊन कोर्टात गेलो. पांढरे हातमोजे. मीही टाय लावला होता.

कोर्टासमोर गाडी लावायला जागा नव्हती. मेयरचं ते ट्रॅफिक खरं निघालं. दोन चकरा मारल्या, मग बँकेच्या मागे लावली. तिथून काकूच्या चालीने पायऱ्यांपर्यंत यायला चांगलाच वेळ गेला. मध्ये ती एका बाकावर बसली, एका ओळखीच्या बाईशी बोलली, पुन्हा बसली. पायऱ्या चढताना माझ्या हाताला तिचं वजन जाणवतच नव्हतं.

एका पायरीवर थांबली. कोणती ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. समोर ते दार. आता काचेचं आहे, जवळ गेलं की आपोआप उघडतं.

आत एक मुलगी च्युइंगम चघळत बसली होती. तिने लायसन्स मागितलं, पत्ता विचारला, स्क्रीनवर काहीतरी भरलं आणि एका जागी सही करायला सांगितली. मी सांगणार होतो की मी एझ्रा पेटवेंचा पुतण्या आहे. घटनेची काही कलमंही काल पाठ करून आलो होतो, न जाणो. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, झालं, कार्ड पोस्टाने येईल. पुढचे कोण?

मागे कुणीच नव्हतं.

बाहेर काकू भिंतीला टेकून उभी होती. झालं? झालं म्हटलं. इतक्यात? म्हटलं, हो.

ती थोडा वेळ त्या दाराकडे बघत होती. कुणी आत जात होतं, कुणी बाहेर येत होतं, दार उघडत होतं, मिटत होतं. मग म्हणाली, एझ्रांना इथून आत जायला दोन वर्षं लागली. तुला आत लागला त्याहून जास्त वेळ गाडी लावायला लागला.

यावर मी उत्तर तयार केलं नाही.

परत येताना गाडीत मन भरून आलं होतं. काहीतरी मोठं करावंसं वाटत होतं. टाकी दिसली, तिच्याआड काका, आणि एकदम सुचलं. म्हटलं, काकू, वसंतात वॉटर बोर्डाची निवडणूक आहे. ती टाकी हलवायचीच. कुणीतरी पुढे व्हायला हवं. मी उभा राहतो.

काकू म्हणाली, त्या बाईंनी सांगितलंय मला, तुला उभं राहता येत नाही. राहायचंच असेल तर मतदानाच्या रांगेत राहा उभा. तेवढं जमलं की मग पुढचं बघू.

बरं म्हटलं.